भाड्याच्या गाडीतला वाहक

पहाटे ४.३५ : आगार

हजेरीच्या खिडकीशी रांग असते. सही करायची, तिकिटाचं मशीन घ्यायचं, त्याची बॅटरी आणि कागदाचा रोल खिडकीसमोरच तपासायचा, सुट्ट्या पैशांची पिशवी खांद्याला लावायची, बिल्ला छातीवर. मी बेस्टचा, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बस उपक्रमाचा, वाहक. अर्धं आयुष्य या खाकीत गेलं.

आगाराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची एक केबिन आहे. माझा चालक तिथं सही करतो, कारण तो ठेकेदाराचा माणूस. गाडीही ठेकेदाराची, तिची देखभाल आणि दुरुस्ती त्याच्याकडे. मार्ग, वेळापत्रक, थांबे, तिकिटाचा दर आणि वाहक हे सगळं उपक्रमाचं. प्रवाशाकडून मी घेतलेला प्रत्येक रुपया उपक्रमाच्या खात्यात जातो. ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरवर: गाडी जेवढी धावली तेवढे, करारात ठरलेल्या दरानं. आगारात सगळे याला ‘वेट लीज’ म्हणतात. आज मुंबईच्या रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य लाल बस अशाच भाड्याच्या आहेत.

चार्जिंगची वायर काढून चालक गाडी पुढं घेतो. लातूरकडचा पोरगा आहे, तिशीही गाठली नसेल. “झाली का झोप?” मी विचारतो. “झाली की काका, तीन तास,” तो म्हणतो. मी आरशाकडं, दरवाजाकडं, अग्निशामक नळकांड्याकडं बघून घेतो. हे बघणं खरं तर त्याच्या सुपरवायझरचं काम. पण गाडीत शहराचा म्हणून एकच माणूस असतो, आणि तो मी.

पहाटे ५.२० : पहिली फेरी

कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेहून गांधीनगर, आयआयटी, मग हिरानंदानी. या वेळेला गाडीत ऑफिसचं गिऱ्हाईक नसतं. रात्रपाळी संपवून निघालेले सुरक्षारक्षक असतात, दवाखान्यातल्या आया असतात, आणि कळवा-दिवा-मुंब्र्याकडून पहिल्या गाड्या पकडून आलेल्या, टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायका असतात. त्यांच्यातली एक रोज पुढच्या दांड्याला धरून उभी राहते. जागा रिकामी असली तरी बसत नाही. “बसले तर डोळा लागंल,” म्हणते.

या फेरीला तिकिटं कमी फाटतात. नफ्यातोट्याचा तक्ता मांडला, तर कुणीही पहिल्यांदा हीच फेरी बंद करील. पण या बाईला दुसरं साधन नाही. रिक्षाला ती सकाळची अर्धी कमाई देऊ शकत नाही आणि चालत गेली, तर पहिल्याच घरी उशीर होतो. महापालिकेनं बस चालवायची ती याच माणसांसाठी. किलोमीटरवर पैसे देण्याच्या पद्धतीचा इथं मोठा गुण दिसतो: गाडी रिकामी असो की भरलेली, ठेकेदाराला तेवढेच मिळतात. त्यामुळं पहाटेची आणि रात्रीची फेरी टाळावी असं त्याला वाटायचं कारण उरत नाही.

दिल्लीत एके काळी उलटं होतं. तिथल्या ब्लूलाइन या खासगी बसगाड्यांचे मालक तिकिटाची कमाई स्वतःच ठेवत. मग एकाच मार्गावरच्या दोन गाड्या प्रवासी पळवायला एकमेकींशी शर्यत लावत, आणि त्या शर्यतीत माणसं चिरडली गेली. शेवटी त्या गाड्या रस्त्यावरून काढाव्या लागल्या. तेव्हा किलोमीटरचा करार वाईट असं मी म्हणणार नाही. तो कशासाठी चांगला आहे आणि कुठं तोकडा पडतो, हे मात्र गाडीत उभं राहिल्यावर कळतं.

सकाळी ८.१० : गर्दी

कांजूरमार्गला एकामागून एक लोकल रिकाम्या होतात. पुलावरून लोंढा खाली येतो आणि माझ्या दरवाजाशी थबकतो. “पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे.” वातानुकूलित गाडीचं पहिल्या टप्प्याचं तिकीट बारा रुपये. कुणी कार्ड टेकवतं, कुणी मोबाईल दाखवतं, कुणी पाचशेची नोट पुढं करतं. मे २०२५ पर्यंत हेच तिकीट सहा रुपये होतं. दर दुप्पट झाला तेव्हा महिनाभर रोज मलाच जाब द्यावा लागला.

गांधीनगरच्या सिग्नलला गाडी अडकते. चालक घड्याळ बघतो. वेळापत्रकातल्या सगळ्या फेऱ्या पाळीत बसल्या नाहीत, तर किलोमीटर कमी भरतात. किलोमीटर कमी भरले की ठेकेदाराचं बिल कमी होतं, आणि सुपरवायझर त्याला केबिनमध्ये बोलावतो. पुढच्या थांब्यावर पंधरा-वीस माणसं उभी दिसतात. त्याचा पाय ब्रेककडं जायला कचरतो.

मी घंटी देतो. एक टोला. गाडी थांबते.

करारातली खोच इथं आहे. थांब्यावर उभ्या माणसांना टाकून गाडी पुढं गेली, तरी किलोमीटर तेवढाच भरतो. एखाद्या आजोबांना चढायला अर्धं मिनिट दिलं, तरी तेवढाच. म्हणजे थांब्यावर गेलेला वेळ ठेकेदाराच्या हिशेबात वाया जातो, आणि शहराच्या हिशेबात बसचं खरं काम नेमकं त्याच वेळात होतं. पोरगा स्वभावानं चांगला आहे. त्याला थांबायचं असतं. पण त्याच्या डोक्यावर जो हिशेब टांगलेला आहे, त्यात थांबण्याला किंमत नाही. त्या हिशेबाला उत्तर म्हणून सध्या गाडीत माझी घंटी आहे.

मुंबईत विनावाहक गाड्याही चालवून पाहिल्या गेल्या. तिकीट थांब्यावरच द्यायचं, गाडीत फक्त चालक. खर्च वाचतो हे खरं. पण मग थांबा आल्यावर शहराच्या वतीनं घंटी कोण देणार?

सकाळी १०.४० : दरवाजा

आयआयटीच्या प्रवेशद्वाराच्या अलीकडं मागचा दरवाजा लागत नाही. दरवाजा उघडा ठेवून गाडी चालवायची नाही, हा नियम, आणि तो मी मोडू देत नाही. चालक बटण दाबून बघतो, खाली उतरून हातानं ढकलतो, मग ठेकेदाराच्या माणसाला फोन लावतो. “अर्ध्या तासात मेकॅनिक येईल.” गाडी बाजूला.

प्रवाशांना मागच्या गाडीत चढवणं माझं काम. मागून येणारी गाडी आधीच भरलेली. एक तरुण तावातावानं म्हणतो, “बेस्टचं असंच असतं!” त्याला गाडीचा मालक कोण हे माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. गाडी लाल आहे, कपाळावर मार्गाचा आकडा आहे, माझ्या छातीवर बिल्ला आहे. त्याच्या दृष्टीनं ही शहराची गाडी आहे आणि त्याचं बरोबर आहे.

लग्नाचं जेवण आचाऱ्याला ठेक्यानं दिलं, तरी पंगतीतून फिरून कोण उपाशी उठलं हे यजमानालाच बघावं लागतं. बस ठेक्यानं दिली म्हणून शहराचं यजमानपण संपत नाही. उलट, गाडी स्वतःची होती तेव्हा आगारातला फोरमन आणि चालक एकाच साहेबाला उत्तर देत; चूक झाली की घरातच कळायची. आता ती ठेकेदाराच्या केबिनमध्ये कळते आणि तिथून बाहेर येईलच असं नाही. तेव्हा भाड्याच्या गाडीवर जास्त माणसं नेमून लक्ष ठेवायला हवं. गाडी आगारातून निघण्याआधी दरवाजा, ब्रेक, टायर शहराच्या माणसानं तपासले पाहिजेत. बंद पडलेल्या गाडीचा दंड बिलातून कापला जातो, पण त्या दंडातला एक पैसाही आयआयटीसमोर उन्हात उतरलेल्या माणसाला मिळत नाही. त्याला गाडी हवी होती.

दुपारी १२.०५ : चौकी

चौकीत स्टार्टर वही पुढं ओढून आमची वेळ लिहून घेतो. एक फेरी बुडाली. आम्ही डबे उघडतो. माझ्या डब्यात मेथीची भाजी आणि चपाती, पोराकडं वडापाव. मी चपाती पुढं करतो, तो आधी नको म्हणतो, मग घेतो.

“काका, तुम्ही लागलात तेव्हा परमनंटच होता ना?”

“तेव्हा दुसरं काही नव्हतंच रे.”

त्याला ते खरं वाटत नाही. मी सांगतो. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, ती खासगी कंपनीची होती. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेनं ती कंपनी आपल्याकडं घेतली. त्यानंतर सत्तर वर्षं गाडी, चालक, वाहक, वर्कशॉप सगळं एका छत्राखाली होतं. विजेच्या धंद्यातला फायदा बसचा तोटा भरून काढायचा. २००३ च्या वीज कायद्यानंतर तो मार्ग आक्रसत गेला. एके काळी चार हजारांवर असलेला ताफा म्हातारा होऊन कमी होत गेला, नव्या गाड्या घ्यायला पैसे नव्हते. २०१९ मध्ये भाड्याच्या गाड्या आल्या आणि त्याच वर्षी ९ जुलैला साध्या बसचं किमान तिकीट आठ रुपयांवरून पाच रुपये झालं. तिकीट स्वस्त होताच प्रवासी लाखांनी वाढले. ते दिवस मी पाहिले. थांब्यावर पुन्हा रांगा लागल्या, तेव्हा ऊर भरून आला होता.

“म्हणजे आमच्यामुळंच गाड्या आल्या की,” तो म्हणतो.

खरंय. आणि म्हणूनच पुढचं बोलताना मला जड जातं. भाड्याचा किलोमीटर स्वस्त पडतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या आणि माझ्या पगारातल्या फरकातून येतो. रस्ता तोच, गर्दी तीच, जोखीम त्याची जास्त. तरी त्याच्या हातात माझ्या निम्म्याहून कमी पडतात. रजा घेतली की दिवसाचे पैसे जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे चालक पगारवाढीसाठी आठवडाभर कामावर आले नाहीत. शहराला एसटीच्या गाड्या मागवून रस्त्यावर आणाव्या लागल्या. त्याआधी २०२२ मध्ये एक ठेकेदार परवडत नाही म्हणून शेकडो गाड्यांसह बाहेर पडला होता. तेव्हा ज्या गल्लीबोळांतून त्याच्या छोट्या गाड्या फिरत, तिथली माणसं रिक्षाच्या रांगेत उभी राहिली. ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे त्याचं पोट भरत नसेल, किंवा ठेकेदाराचाच आकडा जुळत नसेल, तर सर्वांत स्वस्त निविदा शहराला शेवटी महागात पडते.

“काल डबल केली का?” मी हळूच विचारतो. तो खाली बघतो. दुसरा चालक आला नव्हता, म्हणून संध्याकाळची पाळीही यानंच काढली होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंच मर्यादा घालून दिली होती: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्या कायद्याला ठेकेदार आणि उपक्रम असा भेद ठाऊक नव्हता.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या बाजारात भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस माणसांवर आणि गाड्यांवर आदळत गेली. त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्या शहरानं विचारला. या गाड्यांना गिअर नाहीत, क्लच नाही. पाय पडताच गाडी मुकाट्यानं आणि जोरात सुटते. ट्रकवर हात बसलेल्या माणसाला तिची सवय व्हायला दिवस लागतात. त्या रात्रीनंतर मी चालकाच्या सीटवरच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच सांगतो, घाई झाली तरी चालेल, फेरी बुडाली तरी चालेल, गर्दीत पाय ब्रेकवर ठेव. पण हे मी सांगून भागणारं नाही. किती दिवस शिकवायचं, कुणी शिकवायचं आणि परीक्षा कुणी घ्यायची, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे आणि परीक्षा शहराच्या माणसानं घेतली पाहिजे.

दुपारी १.३० : शेवटची फेरी

हिरानंदानीहून परत. सकाळच्या बाया आता खाली उतरल्या आहेत. दोन घरची कामं संपली, तिसरं राहिलं आहे. शाळेची मुलं, दवाखान्याची फाईल पोटाशी धरलेले एक गृहस्थ, लेकीकडं निघालेली एक आजी. आजी चढताना चालक स्वतःहून गाडी फुटपाथला लावतो आणि ती बसेपर्यंत थांबतो. मी काहीच बोलत नाही. दोन टोले देतो. गाडी निघते.

त्यानं हे करावं यासाठी त्याला कुणी जास्त पैसे देत नाही. दिले पाहिजेत. लंडनमध्ये १९८५ पासून बसमार्ग निविदा काढून कंपन्यांना चालवायला दिले जाऊ लागले. पुढं २००१ मध्ये तिथल्या वाहतूक यंत्रणेनं करार बदलला. ज्या मार्गांवर थोड्या थोड्या वेळानं गाडी येते, तिथं थांब्यावरच्या माणसाला वेळापत्रकाच्या मानानं किती जास्त थांबावं लागलं हे मोजायला लागले. जास्त थांबावं लागलं की कंपनीचे पैसे कापले जातात, कमी थांबावं लागलं की बक्षीस मिळतं. किलोमीटरच्या जोडीला प्रवाशाची वाट बघण्याची वेळ हिशेबात धरली गेली. आपल्याकडच्या गाड्यांत आता जीपीएस आहे. गाडी कुठं आहे हे प्रवाशाला मोबाईलवर दिसतं. ती कोणत्या थांब्यावर किती वेळानं आली, कुठं न थांबता गेली, हेही त्याच यंत्रातून निघू शकतं. मोजायचं ठरवण्याचाच काय तो प्रश्न.

दुपारी २.२० : हिशेब

पाळी बदलली. दुसरा वाहक चढतो, माझा चालक उतरून पत्र्याच्या केबिनकडं जातो. मी खिडकीत मशीन देतो, रोकड मोजून भरतो, पावती घेतो. एका तिकिटाचाही फरक आला, तर जाब मला द्यावा लागतो. त्याचा मला त्रास नाही, तो सार्वजनिक पैसा आहे.

मग मी वाहतूक निरीक्षकांच्या टेबलाशी जाऊन दोन नोंदी करतो. एक, मागचा दरवाजा लागत नव्हता, वेळ आणि जागा. दुसरी लिहिताना पेन थांबतं: आजच्या चालकानं काल सलग दोन पाळ्या केल्या. हे लिहिलं तर पोराच्या नोकरीवर येईल का? निरीक्षक जुने आहेत. माझ्याकडं बघून म्हणतात, “त्याचं नाव लिहू नका. पाळीपत्रक मागवायची शिफारस लिहा. ते ठेकेदाराला द्यावंच लागेल.” मी तसं लिहितो.

ते बिलाचा कागद बाजूला सारतात. त्यावर गाडी क्रमांक आहे, धावलेले किलोमीटर आहेत, कपात आहे. चालकाला पगार कधी मिळाला, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला का, याला त्या कागदावर रकाना नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ आणली, देशभरातल्या शहरांसाठी १०,००० इलेक्ट्रिक बस, त्याही किलोमीटरच्याच करारावर. पुढच्या वर्षी, शहरानं बिल थकवलं तर कंपनीला पैसे मिळतील अशी हमी देणारी वेगळी योजनाही आली. कंपनीचं बिल वेळेवर निघालं पाहिजे, हे योग्यच आहे. बिल थकलं की पहिल्यांदा चालकाचाच पगार थकतो. पण तशीच हमी त्या चालकालाही हवी: ज्या महिन्याचं बिल शहर देणार, त्या महिन्याचा पगार खात्यात जमा झाल्याचा पुरावा आधी जोडायचा.

दुपारी ३.०० : गेट

पुढच्या करारात काय असावं, असं मला कुणी विचारणार नाही. तरी मी सांगतो, कारण रोज त्या कराराच्या आत उभा राहून तिकिटं देतो. किलोमीटरचा दर राहू द्या. त्याच्या जोडीला थांब्यावरची वाट मोजा आणि पैशाचा एक भाग त्यावर द्या. चालकाचा पगार, कामाचे तास आणि प्रशिक्षण निविदेत आधीच ठरवून टाका, म्हणजे ठेकेदार एकमेकांशी स्पर्धा करतील ती गाडीच्या दर्जावर आणि व्यवस्थापनावर. माणसाचं पोट कापून दर खाली आणायला त्यांना वाव राहणार नाही. उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या पुरेशा गाड्या आणि स्वतःचं वर्कशॉप टिकवा, म्हणजे एखादा ठेकेदार उठून गेला तर त्या दिवशी गल्लीतली बस बंद पडणार नाही. स्वतःच्या गाड्या चालवणाऱ्या शहरालाच दुसऱ्याची गाडी नीट पारखता येते. आणि गाडीत शहराचा माणूस ठेवा.

याला पैसे लागतील. तिकिटातून ते सगळे निघणार नाहीत, कधीच निघाले नाहीत. पहाटे दांड्याला धरून उभी राहणारी ती बाई या शहराच्या घराघरात जेवण रांधते, रक्षक तिथल्या गेटवर रात्र काढतो. शहर रोज सकाळी त्यांच्या भरवशावर उठतं. त्यांना वेळेवर कामावर पोचवण्याचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात मानानं लिहिलेला असावा, रस्त्याच्या आणि पाण्याच्या खर्चाच्या शेजारी. गाडी कुणाकडून भाड्यानं घ्यायची हे शहरानं खुशाल ठरवावं. ती वेळेवर यावी आणि थांब्यावर थांबावी, याचा जाब मात्र शहरानंच दिला पाहिजे.